भिंतीवर लागण्याजोगा फोटो

लुईसटाउन, मोंटाना
ता. १५ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप आजोबांस,
सिग्नेचा शि. सा. न. वि. वि.

मारला! सहा-सहा फाट्यांच्या शिंगांचा एल्क, घोड्याएवढं हरीण, तोही एका गोळीत. गेल्या रविवारी सकाळी, आपल्या कुरणामागच्या डोंगरधारेवर. आर्नेदादा वर्षभर चिडवत होता, की ही शिकारीला नुसती डबे उचलायला येते. आता तोच गावभर सांगत फिरतोय.

सोबत फोटो आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तुमच्यापासून दादापर्यंत सगळ्या पुरुषांच्या शिकारींचे फोटो आहेत, बाईचा एकही नाही. तिथं काय लागायचं ते तुम्हीच ठरवता, म्हणून विचारते, माझा लावू ना? डॅग्नीआत्याला नमस्कार. कंबरेला जपा आणि माझ्यावर माया असू द्या.

तुमची,
सिग्ने

बिलिंग्ज
ता. २० नोव्हेंबर

चि. सिग्ने हिस,
अनेक आशीर्वाद.

पोरी, छाती फुगली. तुझ्या आत्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पोस्टमनलाही, सांगून झालं. पण हा फोटो भिंतीवर लागणार नाही.

जीभ लोंबतेय, नाकावर रक्त आहे. शिंगं मागच्या झाडीत हरवलीत, टोपीच्या सावलीत तुझं तोंड दिसत नाही आणि कोपऱ्यात आर्नेचा कॉफीचा थर्मास! आधी तोंड पुसावं, जीभ आत सारावी. फोटो काढणाऱ्यानं पोटावर झोपावं, म्हणजे शिंगं आभाळावर उठून दिसतात. सगळ्यात वाईट म्हणजे, तो डोंगराएवढा दिसावा म्हणून तू सहा फूट मागे सरकून बसलीस. तुझा एल्क मोठाच आहे, त्याला फुगवायचं कशाला? रागावू नकोस. लोभ तसूभरही कमी झालेला नाही.

तुझा,
आजोबा

लुईसटाउन
ता. २६ नोव्हेंबर

तीर्थरूप आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

राग आलाच. एल्क आता पुड्या होऊन फ्रीजरमध्ये पडलाय, त्याला काय पुन्हा धारेवर नेऊन बसवू? मागे सरकायला दादानं सांगितलं होतं, पण सरकले मीच. ते बरोबर नव्हतं.

रोलमधला एक फोटो तुम्हाला पाठवला नव्हता. बाकीचे काढून झाल्यावर मला त्याचं ते तोंड बघवेना. मी टोपी काढली, बर्फानं नाक पुसलं, जीभ आत घातली. तेवढ्यात कॅमेरा धरलेला दादा घसरून आडवा झाला आणि बटण दाबलं गेलं. मी कॅमेऱ्याकडे बघतही नाहीये. दादा म्हणतो, फाडून टाक. तुम्हाला हसायला म्हणून पाठवते. रुसले असले तरी तुमचीच आहे.

सिग्ने

बिलिंग्ज
ता. २ डिसेंबर

चि. सिग्ने हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हाच. आर्नेला म्हणावं, जन्मात पहिल्यांदा नीट फोटो काढलास, आता दरवर्षी घसरत जा. एल्क आहे तेवढाच दिसतोय आणि तू त्याच्या शेजारी शोभतेस. मी रडलो, आत्याला विचार. फार अभिमान वाटला.

भिंतीवर जागा नाही म्हणशील. मधला, माझा १९५१चा काढ आणि त्याच खिळ्यावर हा लाव. आर्नेनं कारण विचारलं तर खुशाल सांग. त्या फोटोत मी आठ फूट मागे बसलोय. पस्तीस वर्षं तुझ्या आजीशिवाय कुणी ओळखलं नाही आणि तिनं मरेपर्यंत ते कुणाला सांगितलं नाही.

म्हाताऱ्यावर असाच जीव असू दे.

तुझा,
आजोबा