सुलभ कामकाज समिती (सदस्य एक)

३ जून
साहेबांनी आज नेमणूक केली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कामांच्या नोंदीचं नवं ॲप मी निवडायचं. समितीत सदस्य एक, मीच. अशा कामाला नजर लागते. ऑफिसात दिव्यांगही एकच: टेलिफोनवर बसणाऱ्या बाई, जन्मापासून अंध.
डायरी आजपासून जाड मार्करने. बॉलपेनं हल्ली फिकी येतात.

५ जून
डोळ्यांचे डॉक्टर उगाच घाबरवतात. कडेचं दिसणं गेलंय, आणखी जाईल, आत्तापासून सवयी बदला म्हणे. थकवा आहे, दुसरं काही नाही. येताना ऑफिसच्या काचेच्या दारावर आपटलो. काच इतकी पुसायची गरज काय? शिपायाला झापलं.

९ जून
तीन ॲप पाहिली, तिसरं घेतलं. रंग सुरेख. लाल म्हणजे तातडीचं, हिरवं म्हणजे झालेलं. बायको म्हणाली, आधी त्या बाईंना विचारा. म्हटलं, पेशंटला विचारून कोणी औषध लिहितं का?

१६ जून
बाईंची तक्रार. त्यांचा फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, पण या ॲपमध्ये नुसतं ‘बटण, बटण, बटण’ करतो. कुठलं कशाचं, पत्ता नाही. जुन्या साध्या यादीवर त्या दिवसाला चाळीस निरोप पोचवायच्या. एकदा कानाला लावून तरी बघा, म्हणाल्या. सांगितलं, सवय होईल. ठाम बोललो. छान वाटलं.

२३ जून
जुनी यादी बंद करवली. त्याशिवाय माणसं नवं शिकत नाहीत.

१ जुलै
साहेबांपुढे महिन्याचा तक्ता गेला. बाईंची अपूर्ण कामं: एकतीस. खरं तर निरोप सगळे पोचले होते, ॲपमध्ये खूण तेवढी नव्हती. हे मी सांगणारच होतो. पण साहेब माझ्या अहवालाचं कौतुक करत होते. मध्ये तोंड घालणं बरं दिसेना.

८ जुलै
बाईंना टेलिफोनवरून हलवून मागच्या खोलीत बसवलं. काम काही नाही. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. ‘सर, हल्ली तुम्ही भिंतीला हात घासत चालता. ऐकू येतं.’
खोचक बाई.

१५ जुलै
बाईंनी राजीनामा दिला. वीस वर्षांची नोकरी. निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं, पण कागदावरचं अक्षर लागेना. ट्यूबलाइट गेली असावी. दोन शब्दांत आभार मानून खाली बसलो. खुर्ची जरा डावीकडे होती. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

२९ जुलै
ॲपमध्ये माझंच तातडीचं काम राहून गेलं. लाल कुठलं, हिरवं कुठलं, काही ठरवता येत नाही. फोनच तसला. साहेबांनी मेमो दिला. घरी बायकोने वाचून दाखवला आणि मध्येच रडायला लागली. मेमो इतका मनाला लावून घ्यायचा नसतो, हे तिला कोण सांगणार?

३ ऑगस्ट
बाईंना फोन केला. म्हटलं, आमच्या एका सहकाऱ्याला बोलणारा फोन शिकायचाय, जरा लाजाळू आहे, म्हणून मीच विचारतोय.
त्यांनी घरचा पत्ता सांगितला. मग म्हणाल्या, ‘शनिवारी अकराला या. आमच्या जिन्यात दिवा नाही, मला कधी लागला नाही. तुम्ही मात्र वहिनींना सोबत आणा.’