आमसुलात उकडलेला कंद

३ जानेवारी, शुक्रवार

सतरा नंबरच्या कुंडीला कळी! शेवटी! पाच वर्षं वाट पाहायला लावली बयेने. शेजारची मंडळी पेटुनियाच्या तयार कुंड्या आणतात, मे महिन्यात फेकून देतात आणि स्वतःला बागवान म्हणवतात. मी नर्गिसचे पराग ब्रशने पिवळ्या डॅफोडिलला लावले, बी धरलं, पेरलं, शारजाच्या उन्हाळ्यांतून इवलेइवले कंद जगवले. बाकीच्या विलायती कंदांना दरवर्षी तीन महिने फ्रिजमध्ये निजवावं लागतं. ही फ्रिजशिवाय आली! नाव कधीच ठरलंय, बायकोचंच — प्रभा.

प्रभावतीला बोलावून कळी दाखवली. "छान आहे. कोणी लावली?" म्हणाली. परवाच तिने या कुंडीला पाणी घातलं होतं.

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरने स्मरणाच्या गोळ्या बंद केल्या. दहा दिवस उलट्या झाल्या बिचारीला. आता १२ फेब्रुवारीला पुन्हा परीक्षा — आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, असली. मागच्या वेळी तीसपैकी सतरा. गाडीत प्रणव म्हणाला, "बाबा, पंधराच्या खाली स्कोअर आला तर पुण्याचं मेमरी केअर सेंटर फायनल. तुम्ही एकटे मॅनेज नाही करू शकत." मुलगा आहे की साइट मॅनेजर! त्या सेंटरमध्ये नवऱ्याला राहू देत नाहीत. रविवारी दहा ते बारा भेट. चव्वेचाळीस वर्षं संसार केला तो रविवारी दहा ते बारा भेटण्यासाठी?

निघताना डॉक्टर सहज बोलून गेला, "अंकल, मालूम है? ये दवा डॅफोडिल में भी होती है." तो हसला. मी नाही हसलो.

८ जानेवारी

सकाळपासून डोक्यात तेच. डॅफोडिल, नर्गिस, सगळी एकाच कुळातली. माझ्या बागेत! तिच्या खिडकीखाली!

गोळीत काय काय मिसळत असतील कोण जाणे. ती सोसली नाही. घरचं सोसेल.

पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय — कंद विषारी. असेल. सुरण तरी कच्चा कुठे खाता येतो? घशाला खाज सुटते, ओठ सुजतात. आई आमसूल घालून उकडायची, पाणी फेकायची, आणि मग तोच सुरण आम्ही मागून मागून खायचो. हे पुस्तकं लिहिणारे गोरे. त्यांना आमसूल कुठे माहीत!

१० जानेवारी, शुक्रवार

रोल्लाच्या बाजारात शौकतच्या दुकानात गेलो. रत्नागिरीचा माणूस, आमसूल त्याच्याकडचंच चांगलं. "जगन्नाथभाऊ, इतकं आमसूल? सुरणाचं लगीन काढलंय काय?" मीही हसलो. त्याला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

जादा झालेले नर्गिसचे कंद क्रेटमध्ये पडले होते. सोलले, तीनदा उकडले, तिन्ही वेळा पाणी फेकलं. आधी स्वतः खाऊन पाहिलं. जीभ चुरचुरली, दुपारी पोटात ढवळलं. पित्त असणार. मला पित्ताचा त्रास आहेच.

१२ जानेवारी

आज तिला दिलं. कारल्याच्या भाजीत, बारीक चिरून. कारलं तिच्या आवडीचं, आणि कडूत कडू खपून जातं. सगळं खाल्लं. ताटली बोटाने पुसून खाल्ली.

१६ जानेवारी

प्रणवचा फोन आला तर लगेच त्याला नावाने हाक! गेल्या महिन्यात त्याला "भाऊजी" म्हणत होती. उलट्या दोन झाल्या. सुरुवातीला औषध उलटतंच.

१९ जानेवारी

लाळ गळते. उशाशी रुमाल ठेवलाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्रभा फुलली. एका दांडीला चार फुलं, पाकळ्या पांढऱ्या, वाटी केशरी, वास नर्गिसचाच पण थोडा सौम्य. मी पुष्पप्रदर्शनातल्या परीक्षकासारखा पट्टी घेऊन मापं लिहीत बसलो होतो. मागून आवाज आला, "पाच वर्षं झाली ना हो हिला?"

पाच वर्षं! तिला आठवलं! मी कुंडीपाशीच बसून रडलो. तिने पदर पुढे केला. इतका आनंद मला प्रणव झाला तेव्हाही झाला नव्हता, खोटं का लिहू.

लागू पडतंय. उद्यापासून थोडं वाढवतो.

३० जानेवारी

नर्गिसचे जादा कंद संपले. परीक्षेला तेरा दिवस आहेत, आत्ता खंड पडून चालणार नाही. कुंड्यांपुढे बराच वेळ उभा राहिलो. मग सतरा नंबर उपटली. फुलं अजून ताजी होती, ती पेल्यात ठेवली. एक मोठा कंद, दोन पिल्लं. पिल्लू एक परत पुरलं. बाकी आमसुलात.

इथल्या उन्हात तयार झालेला कंद, त्यात अर्क जास्तच असणार. आणि नाव तिचंच आहे, तर तिच्याच कामी येऊ दे.

३ फेब्रुवारी

बाथरूममध्ये पडली. लागलं नाही फारसं. हात गार होते म्हणून नाडी पाहिली — बेचाळीस. माझं मोजताना चुकलं असेल. पुन्हा मोजली. बेचाळीस.

दुपारी ताटाकडे पाहत राहिली. "आजही कारलं?"

"तुला आवडतं ना."

"हो," म्हणाली, आणि खाल्लं.

५ फेब्रुवारी

हॉस्पिटल. सकाळी चहा घेता घेता कोसळली. शुद्ध नाही. प्रणव ऑफिसमधून तसाच धावत आला. डॉक्टरने विचारलं, "घर में कुछ अलग खाया क्या इन्होंने?" प्रणवने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नेहमीचंच.

आय.सी.यू.च्या बाहेरच्या खुर्चीवर बसून लिहितोय. मला भीती वाटते आहे. तिला काही झालं तर मी मारलं तिला. सहाच अक्षरं त्या कबुलीची, पण तोंडातून निघेनात. तीनदा पाणी फेकलं होतं मी. तीनदा! विष असतं तर गेलं असतं ना?

उद्या सांगतो. नक्की सांगतो.

६ फेब्रुवारी

सांगितलं नाही. दुपारी शुद्धीवर आली. देवा!

८ फेब्रुवारी, शनिवार

तिनेच सांगितलं. काल, डॉक्टरला, प्रणवसमोर — बागेतले कंद कांदे समजून मीच रोज भाजीत चिरत होते, विसरायला होतं हो मला. डॉक्टरने लिहून घेतलं. प्रणव रडला. "शी इज नॉट सेफ अ‍ॅट होम, बाबा. आता टेस्टची पण गरज नाही. खलास." पुण्याला फोन केला, १८ तारखेची जागा मिळाली.

तो पार्किंगचं तिकीट भरायला खाली गेला तेव्हा तिने माझा हात धरला. "तुमचं नाव नाही घेतलं मी. चव पहिल्याच दिवशी कळली होती. तुम्ही वाढलंत, म्हणून खाल्लं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

बॅग भरली. उद्या सकाळची फ्लाइट. प्रणवला मी अजून काही सांगितलेलं नाही.