सारात बुडवलेली चपाती

अप्पा, गेल्या आठवड्यात मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. दात घासताना हिरडीतून रक्त यायचं, म्हणून. त्यांनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि पहिल्यांदा काय विचारलं, तर साखर कधी तपासली होती. मग तमिळमध्ये समजावलं. हिरडीखाली जंतू घर करून बसले की त्यांची सूज सगळ्या अंगाला त्रास देते, रक्तातली साखर आवरणं आणखी कठीण होतं. आणि साखर चढली की हिरड्या अजून बिघडतात. मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं दुखलं.

तुम्ही पापनाशमच्या ऑफिसातून रिटायर होऊन घरी बसलात, त्याच सुमाराला राजवाड्याजवळच्या आपल्या गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आलं आणि त्याला लागून रक्त तपासायची लॅब. तुमच्या साखरेचा लॅबचा कागद मी आणायची, मीच वाचायची. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री भात बंद, चपाती खा. महाराष्ट्रात म्हणे लोक ती रोज खातात. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरात ती साखरेचं औषध म्हणून आली. मला धड लाटताही येत नव्हती. कामावरून येऊन मी तुमच्यापुढे दोन ठेवते. तुम्ही कडेचा तुकडा मोडता, सारात बुडवून बराच वेळ धरता, एका गालात घोळवता आणि ताट सरकवता. "बस झालं गे." दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले की ताकभात मऊ कालवून खाल्लेला असतो. संध्याकाळी भाताचं पातेलं पाहिलं की मला कळतंच.

साखर काही उतरेना. गोळ्या वाढल्या तरी नाही. मी तुमच्या सदऱ्याचे खिसे तपासले, देवळातला प्रसाद बंद केला, गल्लीतल्या लग्नाला तुम्हाला एकटं जाऊ दिलं नाही. एक दिवस तुमच्या बहिणीदेखत मी म्हणाले, "ह्या वयांत जिभेचे चोचले? लाज नाहीं वाटत?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "गोड खाल्लों नाहीं गे. दांत हालतात. चपाती चाववत नाहीं." मी म्हणाले, "होव होव, नाचतां येईना, अंगण वाकडं!" आत्या हसली. तुम्हीही हसलात, तोंडावर हात धरून.

मागच्या नळाशी तुमची चूळ गुलाबी पडताना मी पाहिली होती, अप्पा. पाहिली नाही असं नाही. तुम्ही अजून भाताच्या जाळलेल्या तुसाच्या काळ्या पुडीनं दात घासायचात, तिनंच हिरडी सोलली असेल म्हणून मी सोडून दिलं. एकदाच तुम्ही विचारलंत, दातांच्या डॉक्टराकडे नेशील का. आणि मी, जणू सगळी डॉक्टरकी कोळून प्यायलेली, म्हणाले, "आधीं साखर उतरवा, मग जाऊं. एवढ्या साखरेंत कोण दांत काढतो?" तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पुढच्या पोंगलआधी पायाची जखम चिघळली आणि तुम्ही इस्पितळातून परत आला नाहीत.

हिरड्या बऱ्या केल्या असत्या तर तुम्ही वाचला असता का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साखर थोडी उतरली असती कदाचित, बाकी कोण सांगणार अम्मा. मला ते उत्तर पुरलं नाही आणि खरं म्हणजे मला त्याचं तेवढं दुःखही नाही. मरण कुणाला चुकलंय. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी तुम्हाला चोर ठरवलं, याचं फार वाईट वाटतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटापुढे चोर.

हे मराठीत लिहितेय, कारण तुम्ही शिकवलेली ही अक्षरं आता घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. कुठे पडलं तरी भीती नाही. काल मुलीचा फोन आला होता. मी तिलाही साखर तपासायला सांगितलंय. तिनं विचारलं, "तुझ्या अप्पांची साखर एवढी कशी वाढली होती मा?"

खरं तोंडाशी आलं होतं, अप्पा. तरी मी म्हणाले, "लपून गोड खायचे."