दोघींत एक ताईत

रिबे, संत मिकेलच्या सणाचा दुसरा दिवस, सन १३९२

ती. बोदिलताईस,
मेरेतेचा शि. सा. न. वि. वि.

लोकर पोचली. तुमच्या मठात मेंढ्यांनाही उपास घडवता की काय, इतकी विरळ! रागावू नकोस, मोजे होतील तिचे. तुझे मेहुणे त्यूगे बैलांचा तांडा घेऊन दक्षिणेला गेले होते, ते परवा परतले. येताना घसघशीत खोकला घेऊन आलेत आणि बिअरच्या पेजेशिवाय दुसरं काही मागत नाहीत. समुद्राला यंदा लवकर उधाण येतंय. एकदा तर पाणी बाजाराच्या दगडांपर्यंत आलं.

आता खरी बातमी, जरा बसून वाच. आमची धाकटी एलिने गेलेल्या थोरलीसारखी वागायला लागली आहे. थोरली गेली त्या वयाला ही आता येऊन टेकली. रीतीप्रमाणे मी गेलेलीचं नाव हिला दिलं, पण नावाबरोबर एवढं सगळं येईल असं कुणाला वाटलं होतं? डावा पाय ओढते, अगदी तिच्यासारखा, उंबरठ्यावर जरा अडखळून. पेजेवरची साय मागते. परवा विचारलंन की माझी ठिपक्यांची कोंबडी कुठे गेली. ताई, ती कोंबडी ही जन्मायच्या आधीच कोल्ह्यानं नेली होती! मग तिला मांडीवर घेतलं आणि पोटभर रडले, आनंदानं. त्यूगेंना मात्र हे पटत नाही. ते म्हणतात, पोरीचा लाकडी जोडा चावत असेल, आधी तो बघ. पुरुषांना जोड्यापलीकडे काही दिसत नाही.

तुझा शिशाचा ताईत तिच्या गळ्यात रात्रंदिवस असतो, तेव्हा दलदलीतले ते न दिसणारे लोक आमच्या दाराकडे फिरकायचे नाहीत. पोर जरा सुकली आहे, पण वाढतं अंग आहे. थंडीत गुडघे सांभाळ, आणि मेंढ्यांवरून चिडवलं तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
मेरेते


मठ, संत लुकासचा दिवस

चि. सौ. मेरेतेस,
बोदिलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेंढ्यांना नावं ठेवलीस ती मी मदर सुपीरियरना सांगितली नाही, उपकार मान. गुडघे आहेत तसेच आहेत. त्यूगेंना पेजेत मध आणि आलं घालून दे.

मेरेते, ताईताचं वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. कुठला ताईत? मी जन्मात एकच लिहिला आहे, तुझ्या थोरलीच्या बारशाला. शिशाच्या पट्टीवर खिळ्यानं क्रूस कोरला, देवदूतांची नावं कोरली, आणि त्या न दिसणाऱ्यांना येशूच्या रक्ताची शपथ घातली की देवाच्या या दासीला, एलिनेला, डोळ्यांत, हातापायांत, कुठल्याही अवयवात इजा करू नका. मग घडीवर घडी घालून हातोडीनं ठोकून बसवला, पुन्हा कुणी उघडू नये म्हणून. ती गेली तेव्हा तो तिच्याबरोबर मातीत गेला असं मी धरून चालले होते. दुसरं काही मनातसुद्धा आलं नाही गं माझ्या.

तोच असेल तर काढ. त्यातलं रक्षण ज्या मुलीसाठी मागितलं ती ही नव्हे. नाव एक असलं तरी देवाकडे दोन जीव मोजले जातात. जिचा आहे तिच्या मातीत ठेवून ये. धाकटीला मी नवा लिहीन, आनंदानं लिहीन. आणि ठिपक्यांच्या कोंबडीचं ऐकून मला आनंद झाला नाही, भीती वाटली, हेही तुला सांगून टाकते. ताबडतोब उत्तर लिही. काळजी करणाऱ्या बहिणीवर रुसायचं असेल तर उत्तर लिहून मग रुस.

तुझी,
बोदिल


रिबे, सर्व मृतात्म्यांचा दिवस

ती. ताईस,
मेरेतेचा सा. न.

हो, तोच आहे. मीच काढून घेतला. शेवटच्या तापात तिचा गळा इतका सुजला की दोरा मांसात रुतला. कफनात गुंडाळताना खोलीत मी एकटी होते, गुंदेल मोलकरणीलासुद्धा बाहेर घालवलं होतं. दोरा कापला, तर गळ्याभोवती लाल रेघ उमटलेली, लाल धागा बांधावा तशी. ती आजवर कुणाला सांगितली नाही, तुला आज लिहिते आहे. ताईत मुठीत धरला आणि सोडवेना. मेलेल्याला कसलं आलंय बाहेरचं? ते लोक चर्चच्या आवारात पाऊल ठेवू शकत नाहीत, हे तूच मला लहानपणी शिकवलंस.

तू दोन जीव म्हणतेस. तू एकही पोटात वाढवला नाहीस, मग ही मोजदाद तू कशाला करतेस? नाव तेच, पाय तोच, साय तीच. माझी एलू परत आली आहे. तुझ्या प्रार्थनेत एवढी सोय नसेल तर ती तुझी प्रार्थना.

हे लिहून झालं आणि वाईट वाटलं, पण खोडणार नाही. एलू आता फारसं खात नाही. अंगात थोरलीचा हिरवा झगा घातला की गप्प बसून राहते आणि थंडी वाजते म्हणते. त्यूगेंनी आज आवाज चढवला, सहसा चढवत नाहीत. म्हणाले की एक मुलगी आजारानं गेली, दुसरी तुझ्या हौसेनं घालवू नकोस. ते तिला फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत तुझ्याकडे ठेवणार आहेत. हे पत्र त्यांच्याबरोबरच येतं आहे. मी एका अटीवर हो म्हटलं. ताईत तिच्या गळ्यातून काढायचा नाही. मरियामातेच्या पायाशी तशी शपथ घे, नाहीतर उलट्या पावली तिला परत धाड.

एवढं बोलूनही तुझीच,
मेरेते


मठ, संत लुसियाचा दिवस

चि. सौ. मेरेतेस,
बोदिलचे आशीर्वाद. वि. वि.

शपथ घेतली आणि पाळली आहे. तू जे बोललीस ते मी मनातून काढून टाकलं. अगदी खरं सांगायचं तर अजून थोडं टोचतं, पण ते माझं मी बघेन.

एलू दोन्ही वेळा जेवते. खारवलेला हेरिंग तिला इतका आवडतो की आमच्या मुदपाकखान्यातल्या सिस्टरला आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकायला मिळालं. पहिले काही दिवस माझ्यासमोर पाय ओढून चालायची आणि हळूच माझ्या तोंडाकडे बघायची. मग एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर सफरचंदाच्या बागेत ती बदकांमागे धावत होती. दोन्ही पायांवर, मेरेते. चांगली उड्या मारत.

मी तिला जवळ घेऊन विचारलं. आधी रडली. मग म्हणाली की एकदा खरंच जोडा चावला होता, तेव्हा आई रडली, मांडीवर घेतलं, मध दिला, माझी एलू आली म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवशीही पाय ओढला. साय आणि कोंबडी गुंदेलनं गोष्टीत सांगितली होती. मी म्हटलं, आईला खरं का नाही सांगितलंस? त्यावर ती म्हणाली की आई मला मांडीवर घेत नाही, तिला घेते, मग मी ती झाले नाही तर मांडीवर बसणार कोण?

हे तिच्याच शब्दांत लिहिलं आहे. पुढे जाण्याआधी पुन्हा एकदा वाच.

इथवर सगळं माणसाचं आहे. पुढचं मला कळत नाही, तरी लपवणार नाही. ताईताची तिला भीती वाटते. म्हणते की याची मालकीण सारखी शेजारी उभी असते. बोलत नाही, मारत नाही, नुसता हात पुढे करून वाट बघते आणि कुडकुडते. मी विचारलं, कशी दिसते? तर म्हणाली की माझ्याएवढी आहे आणि तिच्या गळ्यात लाल धागा आहे. थोरलीला कफनात गुंडाळताना गुंदेल खोलीबाहेर होती असं तूच लिहिलंस. तुझं पत्र मी वाचलं त्याच दिवशी शेगडीत टाकलं होतं.

काल एलू शेगडीपाशी तीन लोकरी पांघरुणांत झोपली होती. मी ताईताला नुसतं बोट लावलं. पोरीची छाती गरम होती आणि तिच्यावरचं ते शिसं तळ्याच्या तळातून काढल्यासारखं गार. मी बोट मागे घेतलं आणि क्रूसाची खूण केली.

दलदलीतले लोक चर्चच्या आवारात येत नाहीत, हे मीच शिकवलं. पण थोरली पाच वर्षं तो गळ्यात घालून झोपली होती गं. तिला त्याच्याशिवाय झोप लागत नसेल, एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं. दोरा मी सोडणार नाही. तो तुझ्याच हातानं सुटायला हवा. वाटा गोठल्या आहेत, तरी ये.

वाट बघणारी,
बोदिल


रिबे, मेणबत्त्यांच्या सणानंतरचा गुरुवार

ती. ताईस,
मेरेतेचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. निघताना तू बांधून दिलेली भाकरी त्यूगेंनी पहिल्याच मुक्कामात संपवली आणि वर म्हणाले की मठात लोक उगाच उपाशी असल्याचं सोंग करतात. एलू घोड्यावर माझ्यापुढे बसली होती आणि वाटभर तुझ्या बदकांची नावं सांगत होती. तुझ्यासमोर मी दोरा सोडला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते, ते काही डोळ्यांसमोरून जात नाही. मार बसणार असं वाटलं का गं तिला?

ताईत मी वाटभर मुठीत धरून आणला. तू म्हणालीस तसाच गार होता, माझी बोटं बधिर झाली. मंगळवारी बर्फ वितळायला लागलं होतं. त्यूगे एलूला घेऊन चर्चच्या फाटकापाशी थांबले आणि मी एकटी आत गेले. थोरलीच्या डोक्याकडची माती कोपरभर उकरली. मला वाटलं होतं की मी काहीतरी बोलेन, तिची क्षमा मागेन. एकच बोलले, की हे घे बाळा, तुझं आहे. हात आत घातला आणि मूठ उघडली.

ताई, शिसं खाली पडलं की आवाज येतो. खाली ओला दगड होता, मी तो चाचपला होता. आवाज आला नाही. कुणी अलगद उचलून घ्यावं तसं हाताला हलकं लागलं. मी पुन्हा चाचपून बघितलं नाही, माती लोटली.

घरी आल्यावर एलू उंबरठ्यावर थांबली. माझ्याकडे बघून तिनं डावा पाय जरासा ओढला. सवय म्हण, किंवा परीक्षा म्हण. मी खाली बसून जोडा काढला, पाय नीट बघितला, काही झालेलं नव्हतं. तिला म्हटलं, तुझा पाय छान आहे, आता तुझ्या मनात असेल तर ये. आली. बराच वेळ मांडीवर काठावरच बसून होती, मग हळूहळू मागे रेलली. केवढी जड झाली आहे, मला माहीतच नव्हतं. हिच्या कानामागे तीळ आहे. थोरलीला नव्हता. तो मी परवा पहिल्यांदा पाहिला.

हिरवा झगा गुंदेलच्या भाचीला दिला. एलूनं लाल मागितलाय. नवा ताईत लवकर लिही आणि घडी घालण्याआधी तिला वाचून दाखवता येईल अशा बेतानं निरोप धाड, म्हणजे मी तिला घेऊन येईन. तो कुणाचा आहे हे तिनं तुझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं.

आता घरात कुणी कुडकुडत नाही. पेजेवरची साय तशीच राहते, एलूला मुळात आवडतच नव्हती. काल मी सवयीनं काढून बाजूला ठेवली आणि कुणासाठी ठेवली ते आठवून चुलीपाशी जी बसले ती उठवेना. सगळे म्हणतात की थोरली केव्हाच गेली. माझी ती या मंगळवारी गेली, ताई. तिच्यासाठी प्रार्थना कर, आणि मलाही थोडं जवळ धर.

दोघींची आई,
मेरेते