निगरगट्ट कोण?

प्रिय अक्का,

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. जिवंत होतीस तेव्हा तुला एक कार्ड धड लिहिलं नाही, आणि आता लिहायला बसले आहे. काल ओट्यावर आत्या आल्यागेल्याला सांगत होती, "कामाले वाघीण होती, पण निगरगट्ट! मरेपर्यंत चूक कबूल केली नाई." मी शेजारीच होते. मी मान हलवली. हलवली गं! इतक्या वर्षांची सवय.

हा शब्द आपल्या घरात आधी कुणाला होता, आठवतं? पराणी टोचली तरी न उठणाऱ्या बैलाला. त्या वर्षी तो तुला लागला आणि बैल सुटला.

लग्नानंतर तू पहिल्यांदाच माहेरपणाला आली होतीस. श्रावणात लोणच्याच्या बरणीवर बुरशी दिसली. आत्यानं ठरवून टाकलं, विटाळशीचा हात लागला. त्या महिन्यात बाजूला बसलेली तू एकटीच, म्हणून चोर तूच! आई म्हणाली, "ऋषिपंचमी धर, आघाड्याच्या काड्यांनी दात घास, नदीवर न्हाय. पाप धुतलं जाईन."

तू काय म्हणालीस? "म्या नाई शिवली बरणीले. जे केलंच नाई ते काऊन धुऊ?"

नेमक्या तुझ्या सासूबाई तुला न्यायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. चूक ती चूक, वर तोंड करून बोलणारी सून त्यांना नको होती. छकडा रिकामा परत गेला तो पुन्हा आला नाही. वर्षभरात तिकडे दुसरी आली. तू सव्वीस वर्षं या घरात भाकरी थापल्यास.

अक्का, बरणीला मी शिवले होते.

मामा चिखलीला बांगड्या भरायला नेणार होता. तीन दिवस बाजूला बसले असते तर छकड्यात जागा मिळाली नसती. म्हणून मी लपवलं. आत्यानं लोणचं मागितलं, मी काढून दिलं. एवढंच. त्यानं बुरशी आली की मीठ कमी पडलं, देव जाणे. मला तर मीठच वाटतं.

आणि तुला माहीत होतं! ओढ्यावर मी डागाचे कपडे लपून धुताना तू मला पाहिलं होतंस. मग बोलली का नाहीस? मला वाचवायला? कुणी सांगितलं होतं तुला एवढं मोठं व्हायला? एक शब्द बोलली असतीस तर दोन शिव्या खाऊन मी मोकळी झाले असते. तुझ्या गप्प राहण्याचा मला कधीकधी संताप येतो, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

त्या भाद्रपदात ऋषिपंचमी मी धरली. आई म्हणाली, "धाकटी पाहा कशी गुणाची!" मी कौतुक ऐकून घेतलं. रात्री झोपही लागली. मग दर वर्षी धरली. निगरगट्ट म्हणजे काय, हे आत्याला कधी कळलंच नाही. समोर बसून तिच्या हातची खीर खात होतं ते.

उद्या तुझं तेरावं. तुझ्या नवऱ्याची ती दुसरीही येणार आहे. पंगत उठायच्या आत, तिच्यासमोर, आत्यासमोर, मी सगळं सांगणार आहे. रडणार मात्र नाही. रडले तर सगळ्या मलाच जवळ घेतील.

तुझी धाकटी,
गोदा