मिस्तरीच्या नावाची मूठ

आबा,

चर्चच्या दारापाशी चपलांशेजारी बसवलेल्या माणसांच्या वतीने लिहिते आहे. त्यांची तक्रार एकच आहे आणि ती तुमच्या काळाइतकी जुनी आहे: जो निकाल देवाने दिलेला नाही, तो मंडळीने त्यांना वाचून दाखवला. या महिन्यात त्यांच्यात एकीची भर पडते आहे. धुळ्याच्या आपल्या मंडळीतली एक तरुण शिक्षिका, जिच्याकडून रविवारच्या शाळेत मी वचनं पाठ करून घेतली होती. नवरा रावेरकडच्या केळीवाल्यांचा, हिंदू घरातला. दोघांनी इथे देवपुरात घर बांधलं, सासूने वास्तुशांत ठरवली, आणि ही नवऱ्याशेजारी पाटावर बसली. नणंदेने काढलेला फोटो फिरत फिरत मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. खाली आमच्या एका पंचाने लिहिलं, हिचं तारण गेलं, देवाने दिलेली मुक्ती हिने गमावली. आता येत्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरण्याआधी, तिचं नाव वाचून मंडळीतून कमी करायचं ठरलं आहे.

तिने मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "मावशी, इकडची तिकडची वचनं नका सांगू. गेलं का राहिलं, तेवढंच सांगा." मी, जिला जळगावपासून धुळ्यापर्यंतच्या सभांना दोन दोन तास बोलायला बोलावतात, तिला म्हटलं, रविवारी बोलू. आणि फोन ठेवल्यापासून मला तुमची आठवण येते आहे. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली. या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंचे मोठमोठे ग्रंथ वाचले. एक बाजू म्हणते, विश्वासणारा मागे फिरला तर सगळं गमावतो. दुसरी म्हणते, देवाने ज्याला धरलं तो सुटूच शकत नाही. दोन्हीकडे विद्वान माणसं आहेत, दोन्हीकडे वचनं आहेत. पण माझा निर्णय कुठल्या ग्रंथाने केला नाही. तो तुम्ही केलात, शिंदखेड्याजवळच्या आपल्या त्या बुटक्या चर्चमध्ये, जिथे तुम्ही पाळक होतात, आणि त्याचा मला इतका अभिमान आहे की तो लपवणं मला कधी जमलेलं नाही.

मिस्तरीची गोष्ट. आपल्या चर्चच्या पश्चिमेकडची भिंत त्यानेच बांधलेली. त्याच्या गावात बाप्तिस्मा घेतलेला तो पहिला आणि एकटा माणूस. भजनाला ढोलकी त्याची. मी तेव्हा अकरावीत होते आणि मला वाटायचं की देवाच्या राज्याची अर्धी जबाबदारी माझ्यावर आहे. श्रावणातला तो सोमवार. माझी मैत्रीण त्याच गावची. तिच्याकडे अभ्यासाचं निमित्त काढून मी गेले होते. गावात कानबाई देवी बसलेली होती, दुपारी मिरवणूक निघायची होती, घरोघरी तिच्या नैवेद्याचे रोट चाललेले. मैत्रिणीच्या आईने मला ओट्यावर बसवलं, चहा दिला, पण रोटाचा कणही दिला नाही. मैत्रिणीने समजावलं, रागावू नको, रोट फक्त घरच्यांनीच खायचा असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचं जे होईल ते भाऊबंदांनीच संपवायचं, उरवायचं नाही, बाहेरच्याला द्यायचं नाही. ती हे सांगत होती आणि समोरच्या घरात, भावांच्या पंगतीत, मांडी घालून, मिस्तरी रोट खात होता.

माझ्या डोक्यात हिशोब एका क्षणात झाला. रोट बाहेरच्याला देत नाहीत. मिस्तरीला दिला. म्हणजे मिस्तरी बाहेरचा नाही, अजून त्यांचाच आहे. म्हणजे बारा वर्षं तो आपल्याला फसवत होता. संध्याकाळी मी पळत घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. हो, मीच सांगितलं.

आदल्या दिवशी तो उपासनेला नव्हता, हे पंचांनी आधीच टिपून ठेवलेलं होतं. माझ्या साक्षीने काम सोपं झालं. पुढच्या रविवारी तुम्ही व्यासपीठावरून त्याचं नाव वाचलंत. तुमच्या आवाजाला शिंदखेड्याच्या बाजारातही लाऊडस्पीकर लागत नसे, आणि त्या आवाजात तुम्ही म्हणालात की हा मनुष्य मागे गेला आहे, याने आपलं तारण घालवलं आहे, याला भाकर आणि प्याला नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला अंगावर काटा आला होता. आनंदाचा. तेही लिहूनच टाकते.

मिस्तरी उठला, सगळ्यात मागे गेला, दारापाशी चपला काढतात तिथे फरशीवर बसला. आणि तिथेच बसत राहिला. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. वेळेच्या आधी यायचा, ढोलकीला हात लावायचा नाही, भाकरीचं ताट निघालं की मान खाली घालायचा. पंच म्हणायचे, ढोंग करतोय. पण रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आई कळण्याची भाकरी आणि भरीत वाढायची आणि तुम्ही भाकरी मोडून तशीच ठेवायचात. एकदा आईने विचारलं, मीठ कमी झालंय का. तुम्ही म्हणालात, "हरवलेला माणूस इतक्या वेळेवर येतो का गं?" आई म्हणाली, मला काय विचारता, निकाल तुम्ही दिलाय.

मग कार्तिकात एका शनिवारी तुम्ही मला घेऊन त्याच्या गावी गेलात. मिस्तरीचा थोरला भाऊ दारात होता. त्याने तुम्हाला खाट टाकली आणि माझ्याकडे बघून हसला. "आबा, हाई पोर त्या दिन समोरना वट्टावर बठेल व्हती. आते मझार येऊ द्या तिले, रोट सरी गयात." रोट संपलेत, आता बाहेरच्या पोरीलाही आत येता येईल, असं तो म्हणत होता, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तुम्ही सरळ विचारलंत, तुमचा हा मुलगा आता तुमचा देव मानत नाही, मग त्याच्या नावाचे गहू मोजता कशाला? म्हातारी म्हणाली, "त्यानी देव बदला. मी पोऱ्या बदला नही."

आणि मग सगळं बाहेर आलं. बाप्तिस्मा झाल्यापासून मिस्तरी कधीच रोटाला गेला नव्हता. पण म्हातारीने त्याच्या नावाची मूठ वगळली नव्हती. मूठ मोजली की ती संपवावी लागते, आणि ज्याच्या नावाची तो येत नाही. तेव्हा बारा वर्षं त्याचा वाटा ती स्वतः खात आली, पोट भरलेलं असलं तरी. यंदा तिला घास गिळवेना. तिने निरोप पाठवला, "आते मन्हाघाई व्हत नही. यंदा तुन्हं तू खाय." मिस्तरी रविवारीच, उपासना सोडून, आईपाशी गेला, पाया पडला तिच्या, देव्हाऱ्याकडे पाठ करून बसला आणि खाल्लं.

अंगणात तुम्ही त्याला विचारलंत की हे तू पंचांना का नाही सांगितलंस. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, कोणी विचारलं नाही. मग म्हणाला, "चुकनू असेल मी, आबा. पन मी कोठेच गऊ नही. पाया काय मी भरा? मी ते वरली वीट शे. वीट हालनी म्हनीसन पाया गया का?"

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. दोन थांबे गेले. मग म्हणालात, "तू तिथे काय करत होतीस त्या दिवशी?" मी म्हटलं, अभ्यास. तुम्ही नुसतं बघितलंत. मी म्हटलं, कानबाई बघायला गेले होते. "मिरवणुकीत नाचलीस?" थोडीशी, मी म्हटलं. तुम्ही पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागलात. "मग तुझं तारण राहिलं वाटतं," तुम्ही म्हणालात. मला आजवर कुणी इतकं मारलेलं नाही.

आणि दुसरा दिवस. आबा, तो रविवार मी किती वेळा जगले आहे. भाकर मोडायची वेळ झालेली. पंच ताट घेऊन उभे. तुम्ही व्यासपीठावरून उतरता, सगळ्या रांगा ओलांडून दारापाशी जाता, आणि तुमच्या पांढऱ्या झग्यानिशी चपलांमध्ये मिस्तरीच्या शेजारी फरशीवर बसता. तिथून, बसूनच, सांगता, "मी देवाच्या नावाने खोटं बोललो. याचं नाव मी माझ्या वहीतून काढलं आणि तुम्हाला सांगितलं की देवाने काढलं. बारा वर्षं याच्या वाट्याचं एका म्हातारीने संपवलं, नाव सोडलं नाही. आपल्या वाट्याचं ज्याने वधस्तंभावर संपवलं, तो सोडेल? ताट आधी इथे आणा." शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने ताट आणलं. दोन कुटुंबं त्याच वेळी उठून गेली ती परत आली नाहीत. वरच्यांकडे अर्ज गेले. नाताळच्या आधी तुमची बदली पाचोऱ्याला झाली, जिथे तेव्हा चार घरांची मंडळी होती आणि राहायला स्टेशनमागची एक खोली. आईने सामान बांधताना एकदाही कुरकुर केली नाही. ती मला म्हणाली, तुझ्या बापाने त्या रविवारी पहिल्यांदा प्रवचन केलं.

मला माहीत आहे समोरचे काय म्हणतील. वचनात इशारे आहेत. एकदा चाखून मागे फिरणाऱ्यांना पुन्हा वळवणं अशक्य, असा कठोर शब्द आहे. आहे, आणि मी तो झाकत नाही. पण पांझरेला पूर येतो तेव्हा फरशी पुलावर पोलीस दोर धरून उभा राहतो आणि ओरडतो, पुढे येऊ नका, वाहून जाल. तो वाहून गेलेल्यांची यादी वाचत नसतो. तो माणसं वाचवत असतो. इशारा म्हणजे हाच ओरडा. तो पंचांच्या हातात मृत्यूचा दाखला म्हणून दिलेला नाही. मला कुणी म्हणालं, मग काय, विश्वासणाऱ्याने वाटेल ते करावं? मी म्हणते, ज्याला वाटेल ते करायचं असतं तो दारापाशी चपलांत तीन महिने बसत नाही. आणि ती मुलगी मला फोन करून विचारत नाही. ज्याला तारण नको असतं त्याला ते गेल्याची भीती वाटत नाही. मिस्तरी चुकला की नाही यावर वाद घाला, ती पाटावर बसली ते योग्य की अयोग्य यावर तिच्याशी बोला, रागावून बोला हवं तर. पण जो करार तिने केला नाही, देवाने केला, तो तिच्या पाटावर बसण्याने फाटतो असं म्हणणं म्हणजे तिच्या अपराधाला प्रभूच्या रक्तापेक्षा मोठं मानणं. हा नम्रपणा नाही. हा आपला अहंकार आहे, आणि तो मला ओळखू येतो, कारण अकरावीत तो माझ्या अंगात होता.

जळगावच्या माझ्या पहिल्या सभेच्या सकाळी तुम्ही पाचोऱ्याहून पॅसेंजरने आलात, खिशातून खडीसाखरेची पुडी काढलीत आणि म्हणालात, "घसा तुझा आहे, निकाल तुझा नाही." लोक मला विचारतात, तुमचे गुरू कोण? मी छाती पुढे काढून सांगते, चार घरांच्या मंडळीचा पाळक.

हे पत्र मी कुठे टाकणार? ते रविवारच्या प्रवचनाच्या कागदांखाली राहील. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय ते ठेवता येणार नाही. ज्या बैठकीत तिचं नाव काढायचं ठरलं, त्या बैठकीला मी हजर होते. एवढी बोलणारी तुमची लेक तिथे चहा पीत बसली आणि एक शब्द बोलली नाही. म्हणूनच फोनवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आज आहे. राहिलं, पोरी. कुठेही गेलेलं नाही. आता तिला फोन लावते आणि हेच सांगते. तिला, आणि या जिल्ह्यांत जिथे जिथे कुणाला मागे बसवलंय त्या प्रत्येकाला: रविवारी ताट फिरेल, तेव्हा मान खाली घालू नका. हात पुढे करा आणि भाकर घ्या.