बोट आली त्या दिवसाचा फोटो

सिडनी, मार्च १९२९

लाडक्या हेस्टर,

खोकला उतरलाय. डॉक्टर अजून सोडत नाहीत, पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. ताडांचं बी गोळा झालं का?

काचेच्या निगेटिव्हवरचे माझे बेटावरचे जुने फोटो इथे छापून घेतले. बोट आली म्हणून सगळं गाव किनाऱ्यावर जमलेलं, तो फोटोही. तू तो कधी छापू दिला नाहीस, कारण त्यात आपला लेक आल्बी आहे, बुडाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला.

"माकडा, हलू नकोस!" तू ओरडलीस आणि तो हललाच. त्याचा चेहरा पुसट आलाय. पण हेस्टर, त्याच्याकडे बघून तू किती हसते आहेस! तुझं ते हसणं मी विसरलोच होतो.

घरी आणू का? भिंतीवर नको, पेटीत ठेव. पण एकदा बघ.

तुझाच,
विल्फ्रेड